जठराचा कर्करोग : मार्करचा आकडा आणि गाठीचा अहवाल

महोदय,

पुण्यातील प्रयोगशाळांच्या आरोग्य तपासणी पॅकेजांत ‘कॅन्सर मार्कर’ या नावाच्या रक्तचाचण्या आता सर्रास दिसतात, आणि जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या घरी तर सीईए आणि सीए १९-९ या मार्करचे, म्हणजे कर्करोगात रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांचे, आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. या आकड्यांमुळे विनाकारण खचलेली आणि तितकीच विनाकारण निर्धास्त झालेली माणसे मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करताना पुष्कळ पाहिली, म्हणून हे पत्र.

सीईए धूम्रपान करणाऱ्यांत कर्करोग नसतानाही वाढलेले आढळते, तर सीए १९-९ पित्तमार्ग अडून कावीळ झाली तरी वाढते. शिवाय शंभरातील सुमारे पाच ते दहा माणसांच्या शरीरात सीए १९-९ जन्मतःच तयार होत नाही. अशा रुग्णाचा कर्करोग कितीही पसरला तरी हा आकडा चढत नाही. जठराच्या सुरुवातीच्या कर्करोगात दोन्ही आकडे बहुधा सामान्यच असतात, त्यामुळे निदानासाठी दुर्बिणीतून तपासणी आणि बायोप्सी यांना पर्याय नाही. या चाचण्यांचा खरा उपयोग निदान झाल्यानंतर आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आकडा बराच वाढलेला असेल तर रोग उलटण्याचा धोका अधिक समजावा, आणि शस्त्रक्रियेनंतर खाली आलेला आकडा एकाच प्रयोगशाळेतील लागोपाठच्या तपासण्यांत चढत गेला तर सीटी स्कॅन करून शोध घ्यावा. परंतु शस्त्रक्रियेपूर्वीची नोंदच नसेल, तर नंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करायची?

रोगाची पुढची वाटचाल रक्तापेक्षा काढलेल्या गाठीतून अधिक कळते. गाठ जठराच्या भिंतीत किती खोल गेली आणि किती लसिका ग्रंथींत पोहोचली, हे आजही सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी किमान १६ ग्रंथी तपासल्या जाणे अपेक्षित असते. सातच ग्रंथी तपासून ‘सर्व निर्दोष’ असा शेरा आला, तर तो पंचवीस ग्रंथी तपासून आलेल्या शेऱ्याइतका भरवशाचा नसतो. हे शल्यविशारदाच्या कौशल्यावर जितके अवलंबून आहे तितकेच चरबीतून एकेक ग्रंथी हाताने चाचपून काढणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या चिकाटीवरही आहे, आणि या कष्टाच्या कामाची दखल फारशी कोणी घेत नाही.

याच ऊतकावर एमएमआर (पेशीतील डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिने) आणि हर-२ (पेशींच्या वाढीला चालना देणारे प्रथिन) या तपासण्या होतात. एमएमआर प्रथिनांचा अभाव असलेल्या गाठी काढल्यानंतर रुग्णांची वाटचाल तुलनेने चांगली असते आणि नेहमीच्या केमोथेरपीचा त्यांना होणारा फायदा शंकास्पद असल्याचे अभ्यासांत दिसले आहे. जठराच्या कर्करोगात अनेकदा शस्त्रक्रियेआधीच केमोथेरपी सुरू होते. म्हणून ही तपासणी काढलेल्या जठरावर करून भागत नाही, ती पहिल्या बायोप्सीवरच व्हायला हवी. हर-२ गाठीच्या सर्व भागांत सारखे नसते, त्यामुळे बायोप्सीचे सहा ते आठ तुकडे घेणे श्रेयस्कर. रोग पसरलेला किंवा उलटलेला असताना गाठीत हर-२ जास्त असलेल्या रुग्णांना केमोथेरपीबरोबर ट्रास्टुझुमॅब या हर-२ला रोखणाऱ्या औषधाची जोड दिल्याने आयुष्य वाढते, हे २०१० सालीच सिद्ध झाले आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि खासगी विम्यातही या दोन तपासण्यांचा खर्च शस्त्रक्रियेच्या खर्चाबरोबरच स्पष्टपणे धरला जावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सोलापूर, बीड, अहिल्यानगर येथून येणारे रुग्ण शस्त्रक्रिया पुण्यात करून घेतात आणि पुढचे उपचार गावाजवळ घेतात. त्यांना घरी सोडताना तपासलेल्या ग्रंथींची संख्या, एमएमआर व हर-२चे निष्कर्ष आणि शस्त्रक्रियेपूर्वीचे मार्करचे आकडे एकाच कागदावर लिहून द्यावेत, आणि ऊतकाचा मेणातील ब्लॉक कोठे व कोणत्या क्रमांकाने जपला आहे हेही त्यावर नोंदवावे. रोग उलटल्यास पुढील तपासणी त्याच ब्लॉकवर करता येते.

– एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, कोथरूड, पुणे