आई-बाबा, या मे महिन्यात बिनकामाचं फिरायचंय

बेळगाव,
२० एप्रिल

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी मे महिन्यात बेळगावला फिरायला या म्हटलं, तर बाबांनी एकच प्रश्न विचारला, "तिथं काम काय आहे?" त्याचं उत्तर फोनवर सांगून पटणारं नव्हतं, म्हणून पत्र लिहायला बसले. काम काहीच नाही. निपाणीच्या घराला कुलूप घालून माझ्याकडे यायचं. सकाळी उठून पाण्याकाठी नाहीतर फुलांच्या शिवारात जायचं, बसायचं, ऊन चढायच्या आत घरी येऊन जेवायचं आणि झोपायचं.

आपल्या घराला उंबऱ्याबाहेर पडायला कायम कारण लागलं. लग्न, बारसं, कुणाचं दहावं, यल्लम्माची पौर्णिमा. उन्हाळा तर वखारीचा सीझन. बाकीची पोरं मामाच्या गावाला जायची तेव्हा बाबा तंबाखूच्या खाकाण्यात शिंकत वजनं लिहीत बसलेले असायचे. त्याच पगारावर दादा आणि मी शिकलो, त्याबद्दल तक्रार नाही. पण आता वखार सुटली, तरी बाबा तुम्ही सोप्यात खुर्ची टाकून ड्युटीवर असल्यासारखे बसता, आणि तुम्ही बसलात म्हणून आईही हलत नाही.

लांबचं काही मनात आणलेलं नाही. उटी-महाबळेश्वरला मे महिन्यात माणसंच बघायला मिळतात. गोकाकचा धबधबाही नको. ५२ मीटरचा कडा आहे खरा, पण उन्हाळ्यात नुसता तापलेला खडक, तो श्रावणात बघू. या वेळी आपली मलप्रभा नदी.

पहिल्यांदा कणकुंबी. जांबोटी मागं पडली की झाडी दाट होते आणि गाडीच्या काचा खाली कराव्याशा वाटतात. माउलीच्या देवळाजवळ नदीचा उगम आहे. तिथं पोचल्यावर "एवढंच?" असं आई म्हणणार, हे मला आत्ताच ऐकू येतंय. होय, एवढंच. पुढं नवीलतीर्थाच्या धरणात साठून धारवाडच्या मावशीच्या नळाला येते, ३०४ किलोमीटर जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, ती नदी इथं ओंजळीत मावते.

बाबा, तुम्ही विचारालच, मे महिन्यात पाणी येतं कुठून. त्या पट्ट्यात पाऊस मरणाचा. जवळच्या आमगावात २०१० साली १०,००० मिलिमीटरच्या वर नोंद झाली होती. ते पाणी जांभ्या दगडात मुरतं. जांभा सगळा भोकाभोकांचा, पाणी पीत राहतो. पण खाली चिकणमाती नाहीतर काळा कातळ लागला की पाण्याची खालची वाट बंद होते. मग ते आडवं सरकतं आणि उतारावर फट मिळेल तिथं बाहेर येतं. पाऊस थांबून महिने झाले तरी आत मुरलेलं हळूहळू झिरपत राहतं. पेपरात तुम्ही कर्नाटक-गोव्याच्या कळसा-भांडुरा पाणीवादाच्या बातम्या पेन्सिलीने खुणा करून वाचता ना, तो कळसा नाला कणकुंबीचाच. त्याचं पाणी म्हादईला जातं आणि म्हादई गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. मलप्रभेचं पाणी मात्र कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. मधे फक्त डोंगराची एक धार. कारण हवंच असेल तर हे घ्या, पण मी काही नकाशा दाखवायला नेत नाहीय.

दुसऱ्या दिवशी हब्बनहट्टी. पात्रातच स्वयंभू मारुती आहे. पावसाळ्यात नदी चढली की देऊळ पाण्याखाली जातं, उन्हाळ्यात खडक उघडे पडतात आणि त्यांच्यामधून पाणी वाहतं. बाबांना शनिवारी जायला आवडेल, म्हणून मुद्दाम शनिवारी नेणार नाही. बुधवारी जाऊ. नमस्कार करायचा आणि सावली बघून बसायचं.

आईच्या गुडघ्यांना सगळ्यात सोयीचं म्हणजे असोगा. खानापूरपासून अगदी जवळ, नदीकाठी रामेश्वराचं देऊळ. पाय धुण्यापुरतं काठावर ठीक, पण पोहायला उतरायचं नाही. डोह फसवे असतात आणि बाबांना पाणी दिसलं की वय आठवत नाही. परत येताना खानापुरात माठ घेऊ. तिथल्या मातीचा माठ मे महिन्यात फ्रिजला हात लावू देत नाही.

आता फुलांचं. कडोलीच्या बाजूला यांच्या ओळखीच्यांचं शिवार आहे, मोगरा, निशिगंध आणि बांधाकडेला गलांडा. मी मागच्या आठवड्यात जाऊन बघून आले. तिथं मात्र पहाटेच निघायचं. मोगऱ्याची कळी उजाडायच्या आतच खुडतात. टपोरी झालेली, पांढरी पडलेली, पण मिटलेलीच हवी. झाडावर फुलली की तिला बाजार नाही, गजऱ्यात टिकत नाही. मालकीणबाई अंगठ्याच्या नखानं देठ चिमटून कळ्या ओच्यात टाकत होत्या. हात इतका चालत होता की माझ्याशी बोलताना त्या झाडाकडे बघतसुद्धा नव्हत्या. माझ्या वाटीभर कळ्या होईपर्यंत त्यांचा ओचा दोनदा रिकामा झाला. त्यांनी सांगितलं, थंडीत पाणी तोडतात, झाड छाटतात, मग खत-पाणी सुरू केलं की उन्हाळ्यात बहर येतो. म्हणजे झाडाला आधी सक्तीची रजा द्यावी लागते. बाबा, हे मी तुमच्यासाठी नीट ऐकून आले.

निशिगंधाचं वेगळं. हारासाठी सुटी फुलं तोडून किलोवर विकतात. गुच्छाला जायची ती काडी खालची दोन-तीन फुलं उमलली की कापतात. एकदा कंद लावले की दोन-तीन वर्षं तेच रान फुलं देतं. मालकीणबाई कानडीच बोलतात, मराठी कळतं त्यांना. आई, तुझं निपाणीचं कानडी पुरे आहे. तासाभरात दोघी सुनांवर पोचाल याची मला खात्री आहे. शेवंती मात्र मागू नकोस, ती थंडीतली.

गुडघे, साखर, डबा, सगळ्याचा विचार केलाय. घडीच्या दोन खुर्च्या डिकीत टाकतेय. सासूबाईही येणार आहेत, तेव्हा आईला "मी एकटीच म्हातारी" म्हणता येणार नाही. लागोपाठ दोन दिवस फिरायचं नाही, मधला दिवस घरी आमरसाचा. आणि वाटेत कुणी पाहुणे राहतात म्हणून "उभ्या उभ्या भेटून येऊ" असं म्हणायचं नाही. ते सुरू झालं की सकाळ संपली.

दादाशी बोलले, मागच्या-पुढच्या झाडांना पाणी घालायची व्यवस्था तो करतोय. तुम्ही पहिल्या रविवारी सकाळचीच गाडी धरा, हे स्टँडवर घ्यायला येतील. आई, आपल्या कर्नाटकाच्याच बसमध्ये चढ आणि आधार कार्ड पर्समध्ये वरच ठेव, बायकांना प्रवास फुकट आहे, तुला तिकीट पडणार नाही. बाबांना पडेल. त्यावरून कंडक्टरशी बोलत बसू नका म्हणावं.

तुमची,
धाकटी

ता. क. लोणच्याची बरणी आणू नकोस, मागची अजून अर्धी आहे. बाबांची कापडी टोपी मात्र आण.