साताऱ्याचे घर तसेच राहील

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आई मला जेवणाचे विचारू लागते, म्हणून पत्र लिहीत आहे. दादाशी आणि अभयशी बोलून मी निर्णय घेतला आहे. तुम्हाला बंगळूरला कायमचे आणायचे नाही. साताऱ्याचे घर विकायचे नाही, भाड्यानेही द्यायचे नाही. तुम्ही तिथेच राहायचे आणि जी काही सोय लागेल ती आम्ही तिथे करायची. बाबांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘आता लेकीकडे जा’ म्हणतो आहे आणि बाबांनी पुस्तकांचे कपाट आवरायला घेतले आहे, हे आईकडून कळल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे. मी तुम्हाला टाळते आहे असे कृपा करून मनात आणू नका. तुम्ही इथे असावे असे मला रोज वाटते. पण मला बरे वाटणे आणि तुमची प्रकृती बरी राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाबा, आयसीयूत तुम्ही मला म्हणालात, “हे आपल्या रक्तातच आहे, आप्पा गेले, तात्या गेले, आता माझी पाळी.” आणि आई नेमके उलटे बोलते, की तिची आई चौऱ्याण्णव वर्षे जगली म्हणून तिला काही होत नाही, आणि त्या भरवशावर साखरेच्या गोळ्या चुकवते. एकाने रक्ताची धास्ती घेतली आहे आणि दुसरीने रक्तावर भिस्त ठेवली आहे. रक्ताच्या हाती इतके सगळे नसते. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या जुळ्यांच्या हजारो जोड्यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला, त्यात माणसामाणसांच्या आयुर्मानातल्या फरकापैकी साधारण चौथा हिस्सा जनुकांच्या वाट्याला आला. त्या आकड्यावर अजून वाद चालतात. शिवाय तो समूहातल्या फरकाचा आकडा आहे. तुमच्या आयुष्याचा पाव भाग जन्मतःच लिहून ठेवला आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

तात्यांचे मी तुम्हाला काय सांगावे! तुमचे आणि त्यांचे आईबाप एक, घर एक, चुलीवरची भाकरी एक. तुम्हाला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी मिळाली, महिन्याच्या महिन्याला पगार आणि पुढे पेन्शन. ते मुंबईला गिरणीत लागले, लालबागच्या खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपले आणि खात्यातल्या सुताच्या धुरळ्यात खोकले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यांच्या गिरणीचा भोंगा त्यांच्यासाठी पुन्हा वाजला नाही. ते गावी आले की माझ्या हातावर श्रीखंडाच्या गोळ्या ठेवायचे. संपानंतरच्या दिवाळीत त्यांनी सवयीने खिशात हात घातला आणि तो बराच वेळ बाहेरच काढला नाही. मी लहान होते, पण त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ते शेहेचाळिसाव्या वर्षी गेले आणि सगळे म्हणाले, आप्पांचेच हृदय आले होते. मला ते पटत नाही. आप्पांचे हृदय तुम्हालाही आले आहे, आणि तुम्ही पंचाहत्तरीत आहात.

लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे अठरा हजार पुरुषांचा अभ्यास १९६७ पासून झाला. त्यात कोणीही उपाशी नव्हते, सगळ्यांना पगार होता, मोफत सरकारी दवाखाना होता. तरीही सर्वांत खालच्या पदावरच्या शिपाई-चपराशांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या कितीतरी पट होते, आणि सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळे हिशेबात धरूनही त्या फरकाचा थोडाच भाग उलगडला. त्या अभ्यासावर काम करणारे डॉक्टर मायकेल मार्मट यांनी पुढे आयुष्यभर हेच मांडले की आपल्या कामावर आणि दिवसावर आपला ताबा नसणे शरीराला आतून झिजवते. तात्यांच्या हातून तर सगळेच एकदम गेले होते.

आता आई, तुझ्याविषयी. “मी एवढी बारीक, मला कसली साखर” हे तुझे पालुपद आता बंद कर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास १९९३ पासून केला. तिथली बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी असूनही चरबी त्या मानाने टिकून होती. अशा बारीक दिसणाऱ्या शरीरात मधुमेह लवकर शिरतो. तुझ्या वेळी आजी अगदी शेवटपर्यंत खुरपायला जात होती, हे तिनेच मला सांगितले आहे. तिचे वय तुला मिळेल की नाही ते ठाऊक नाही, पण तिच्या पोटातली ती उपासमार तुला मिळाली असणार, आणि ती कोणत्याही जनुकात लिहिलेली नव्हती.

जनुकांचा वाटा मी नाकारत नाही. बाबांचे लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातला चरबी वाहून नेणारा, बहुतांशी जनुकांनी ठरणारा एक घटक, वाढलेले आल्यावर दादाने आणि मी तपासणी करून घेतली. दादाचे ठीक आहे, माझे वाढलेले आहे. बाबा, याचा तुम्ही मनाला त्रास करून घेऊ नका. त्यात कोणाचाही दोष नाही, आणि तुमच्याकडून मला जे मिळाले त्यात पाढे, पोहणे आणि अक्षरही आहे. लायपोप्रोटीन-ए पथ्याने फारसे उतरत नाही, म्हणून बाकीचे सगळे मी काटेकोर सांभाळते आहे. तुम्हीही सांभाळा.

साताऱ्याचाच आग्रह का, तर माणसांसाठी. २०१० साली एकशे अठ्ठेचाळीस अभ्यास आणि तीन लाखांहून अधिक माणसे एकत्र धरून पाहिले, तेव्हा ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते त्यांची जगण्याची शक्यता दीडपट आढळली. इथे चौदाव्या मजल्यावर आम्ही सकाळी निघतो ते रात्रीच परततो, आईला शेजारणीची भाषा कळत नाही, आणि बाबांना राजवाड्यासमोरचा कट्टा इथे कोण देणार? संध्याकाळी तिथे न दिसल्यास तुमच्या मित्रांपैकी कोणी ना कोणी तासाभरात घरी येऊन बघते. त्या रात्रीही तुम्हाला वेळेवर दवाखान्यात नेले ते खालच्या मजल्यावरच्यांनीच.

सोयीची काळजी करू नका. सकाळी आठ ते रात्री आठ एक मावशी येतील. आईने त्यांच्या आधी उठून भांडी घासून ठेवायची नाहीत. न्हाणीघरात आधाराचे दांडे आणि खरखरीत फरशी बसवायला माणूस येत्या आठवड्यात येईल. आईची खाट खिडकीखालीच राहील, उत्तरेकडे डोके होणार नाही, हे मी पाहिले आहे. इन्व्हर्टर दादा बघतो आहे. मी दर महिन्याला येईन.

बाबा, चार भिंतीच्या टेकडीचा चढ डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद, सपाटीवर चाला. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही सोडायची नाही. तंबाखूची डबी देवघराच्या मागे आहे हे मला ठाऊक आहे. ती मावशींच्या हाती द्या. कंदी पेढे पाहुण्यांसाठी आणा, चाखण्यासाठी नको. आई, गोळी जेवणाआधी की नंतर हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून पाठवते आहे, ती फडताळाच्या दारावर लाव. तुझे भजनी मंडळ गुडघ्यासाठी बंद करू नकोस. रिक्षाने जा, पैसे मी देते.

बाबा, पुस्तके पुन्हा कपाटात लावा, पण वरच्या फळीवर चढू नका. ती मी आल्यावर लावीन. शुक्रवारी दोघांच्या रक्ताच्या तपासण्या आहेत, उपाशीपोटी जायचे आहे. रिपोर्ट आले की फोटो काढून दादाला आणि मला, दोघांनाही पाठवा.

तुमची,
मनू