जांभळी म्हैस काळी का झाली?

संपादक महोदय,

माझी मुलगी शिकते त्या प्राथमिक शाळेत गेल्या महिन्यात पहिली ते चौथीच्या सर्व मुलांनी मिळून कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाचे मोठे चित्र केले. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांचे वीतभर चौकोन कापून प्रत्येकाला एक दिला होता; शेजारच्या चौकोनातली पाण्याची रेघ आपल्याकडे त्याच उंचीवर यावी म्हणून पहिलीतली पोरे चौथीतल्या ताई-दादांकडून पट्टीने खूण करून घेत होती. एकत्र काम करणे मुले शिकतात ती अशी. मात्र पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी पेंटरला बोलावून वाकड्या रेघा सरळ करण्यात आल्या आणि माझ्या मुलीची जांभळी म्हैस काळी झाली. हेतू चांगलाच असेल; तरीही १९१७ साली शाहू महाराजांनी जिथे प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, आणि जिथल्या रंकाळ्याची निसर्गचित्रे आबालाल रहिमान यांनी रंगवली, त्या कलापुरात मुलांच्या रेघेची एवढी लाज का वाटावी? अशा उपक्रमांत मोठ्यांचा ब्रश चौकट आखण्यापुरताच असावा, आणि चित्र निदान वर्षभर भिंतीवर राहू द्यावे, अशी शाळांना विनंती आहे.

आपली,
एक पालक, कोल्हापूर