माझ्या नावाने कांदा अडवू नका

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
कृषी भवन, नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार. ग्राहकांच्या नावाने कांद्याची निर्यात अडवली जाते, त्याबद्दल हे पत्र.

लालबागला माझी घरगुती खानावळ आहे. रोज साठ डबे जातात. साडेअकराच्या सुमाराला पोरं डबे घेऊन निघाली की मला जरा श्वास मिळतो, आणि बाराला लोकसभेत शून्य प्रहर, म्हणजे खासदारांनी आपापल्या भागाचे तातडीचे प्रश्न मांडायचा वेळ, सुरू होतो. वेळ अशी जुळून आल्यामुळे ओटा आवरता आवरता मी फोनवर संसद टीव्ही लावून ठेवते. सुनेला वाटतं, सासूबाईंना राजकारणाचा नाद लागला. नाद कसला, माझं माहेर निफाड तालुक्यातलं. भाऊ कांदा पिकवतो. आमच्या बाजूचं कुणी बोलायला उभं राहिलं की पोळपाट बाजूला ठेवून ऐकावंसं वाटतं, एवढंच.

ऐकून ऐकून एक गोष्ट लक्षात आली. ग्रामीण भागातला खासदार उभा राहतो तेव्हा त्याच्याकडे वेळ दोन-तीन मिनिटांचा असतो आणि पोतं अख्ख्या मतदारसंघाचं. पीकविम्याचे पैसे आले नाहीत, गाडीला थांबा नाही, आणि शेतीची थ्री फेज वीज रात्री येते. मुंबईत बसून ही शेवटची तक्रार किरकोळ वाटते. आमच्याकडे उसाचे फड आहेत आणि उसात बिबट्या आहे. रात्री दोनला मोटर चालू करायला बॅटरी घेऊन बांधावरून जाणाऱ्या माणसाला विचारा, विजेचं वेळापत्रक म्हणजे काय असतं. माझी वहिनी भाऊ परत येईपर्यंत दारात बसून राहते. खासदार हे सगळं सांगून कांद्यापर्यंत येतो तोवर घंटी वाजलेली असते, आणि शून्य प्रहरात मंत्र्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यायलाच हवं असं बंधनही नसतं.

प्रश्नोत्तराच्या तासाची गत थोडी बरी, पण तिथे मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचे, म्हणजे तारांकित, प्रश्न दिवसाला वीसच आणि त्यातले थोडेच प्रत्यक्ष बोलण्यापर्यंत पोहोचतात. शिवाय कांद्याबद्दल विचारायचं कुणाला? पिकवण्याचं खातं कृषिमंत्र्यांकडे. निर्यातबंदीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयाची. निर्यात शुल्क अर्थ मंत्रालयाचं. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांकडून खरेदी करून राखीव साठा ठेवायचा तो तुमच्या खात्याने. तलाठ्याकडून सर्कलकडे, सर्कलकडून तहसीलला, ही फेरी आम्हाला गावाकडे पाठ आहे. निवडून गेलेला माणूसही दिल्लीत तीच घालतो हे मला उशिरा कळलं. (ग्राहकांचं खातं बसतं कृषी भवनात, ही गंमत पत्ता लिहिताना लक्षात आली.)

पण सगळीकडून फिरून आलेलं उत्तर एकच असतं. देशातल्या ग्राहकांना परवडणाऱ्या दरात पुरेसा कांदा मिळावा म्हणून. म्हणजे माझ्यासाठी. मी दिवसाला आठ किलो कांदा चिरते, त्यामुळे ग्राहक कोण यावर निदान मला बोलता यावं.

मग माझा हिशेब ऐका. कांदा किलोला २५ रुपयांवरून ६० वर गेला तर माझा रोजचा खर्च २८० रुपयांनी वाढतो. साठ डब्यांत वाटला तर डब्यामागे पावणेपाच रुपये. दुखतं, नाही असं नाही. अशा वेळी मी कोशिंबिरीत कांद्याऐवजी काकडी घालते, रश्शात कोबी ढकलते आणि दोन महिने निभावते. तेल, डाळ आणि व्यवसायाचा सिलिंडर यांनी माझं जेवढं कंबरडं मोडलं, तेवढं कांद्याने कधीच मोडलेलं नाही.

आता भावाचा हिशेब. १९ ऑगस्ट २०२३ ला तुमच्या सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, तेव्हा न्हावा-शेवा बंदरात कांद्याचे कंटेनर अडकून पडले होते. ऑक्टोबरच्या अखेरीला टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्त कांदा बाहेर विकायचा नाही. ७ डिसेंबरला अधिसूचना निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून निर्यातच बंद. तेव्हा शेतात होता तो लाल कांदा. उन्हाळ कांदा कांदाचाळीत, म्हणजे शेतावरच्या हवेशीर साठवणीच्या छपरात, घालून चार-सहा महिने थांबता येतं. लाल कांदा थांबत नाही, काढला की मार्केटला न्यावाच लागतो. म्हणजे ज्याला माल रोखून धरताच येत नाही, नेमका त्याच्यावर घाव बसला. भावाची बंदीच्या आधीच्या आठवड्यातली पट्टी, म्हणजे मार्केटातली विक्रीची पावती, आणि नाताळातली पट्टी मी शेजारी ठेवून पाहिली. क्विंटलचा भाव निम्म्यावर आला होता. हमाली, तोलाई, गाडीभाडं मात्र तेवढंच. त्या दिवशी तो फोनवर म्हणाला, "ताई, तुमच्या मुंबईवाल्यांपायी आमचं वाटोळं झालं बघ."

सख्खा भाऊ मला "तुमच्या मुंबईवाल्यांपायी" म्हणाला. हे पत्र मी त्या वाक्यामुळे लिहिते आहे.

बंदी ३१ मार्चपर्यंत म्हणून सांगितली होती. मार्चमध्ये ती पुढील आदेशापर्यंत वाढवली, एप्रिलमध्ये गुजरातच्या २००० टन पांढऱ्या कांद्याला वाट मोकळी करून दिली (त्यावर आमच्याकडे पारावर काय बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही), आणि ४ मे २०२४ ला बंदी उठवली, तीही ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. २० मे ला मतदान झालं. भावाच्या दिंडोरी मतदारसंघात आणि मुंबईत एकाच दिवशी, मी इकडे आणि भाऊ तिकडे. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार पडल्या आणि भास्कर भगरे हे शिक्षक निवडून आले. शेतकऱ्याने आपलं म्हणणं मतपेटीतून सांगितलं, कारण दुसरीकडे ते कुणी ऐकत नव्हतं. सप्टेंबरमध्ये किमान मूल्याची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं.

तुम्ही म्हणाल, मग आता तक्रार काय? सांगते. मी खानावळ न सांगता आठ दिवस बंद ठेवली तर माझे डबे कुठे जातील? समोरच्या गल्लीतल्या बाईकडे. नवव्या दिवशी मी पाटी लावली, "सुरू आहे", म्हणून ते परत येत नाहीत. त्यांना तिथली आमटी आवडायला लागलेली असते. बांगलादेश, श्रीलंका, दुबईचं गिऱ्हाईक माझ्या डबे घेणाऱ्यांपेक्षा वेगळं असेल असं मला वाटत नाही. बंदी एका रात्रीत घालता येते. तुटलेलं गिऱ्हाईक जोडायला वर्षं लागतात आणि तेवढे दिवस कांदा चाळीत सडतो. चाळीतला चौथा-पाचवा हिस्सा तर असाही वजनघट आणि सडण्यात जातो. आमच्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून विकिरणाचं तंत्र दिलं, त्याचं केंद्र लासलगावला २००२ पासून उभं आहे. बंदीवर जेवढी तत्परता दिसली, त्याच्या पावपट जरी साठवणुकीवर दिसली असती तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

एक मान्य करते. आम्ही राहतो त्या चाळीत धुणीभांडी करणारी एक मावशी पाव किलो, पाव किलो कांदा घेते. तिला ६० रुपये जड जातात आणि तिच्यासाठी सरकारने काहीतरी करायलाच हवं. २०२३ मध्ये २५ रुपये किलोने गाड्यांवरून कांदा विकायला निघालात ते बरोबरच होतं. त्या गाड्या आमच्या वस्तीत येऊ द्या, रेशन दुकानातून द्या, तिला स्वस्त द्यायचा पैसा सरकारी तिजोरीतून द्या. तो माझ्या भावाच्या पट्टीतून का कापता?

आणि मुंबईवाले म्हणजे तरी कोण? माझे आजेसासरे कोकणातून गिरणीत आले. गावी त्यांचं घराणं खोताचं, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचं, कूळ. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि पुढच्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. रीगल सिनेमासमोरची ती दगडी इमारत. आता तिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. आमच्या घरी सांगतात, आजेसासरे त्या मोर्चात होते. ते विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. पण मुंबईत मागितलं म्हणून गावाकडे मिळालं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून १८० किलोमीटर चालत शेतकरी आले, तेव्हा सोमय्या मैदानावर आम्ही बायका पोळ्या घेऊन गेलो होतो. दहावीच्या पोरांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून ती माणसं रात्रीच उठून आझाद मैदानाकडे चालू लागली. त्यांच्या पायांना आलेले फोड मी पाहिले आहेत. त्यांच्या विरोधात माझं नाव वापरलेलं मला चालणार नाही.

मागणं फार नाही. कांद्यावर बंदी, शुल्क, किमान मूल्य यांतलं काय, कोणत्या भावाला, किती दिवस लावणार, हे शेतकरी उळं (कांद्याचं बी) टाकायच्या आधी सांगा. उन्हाळ कांद्याचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, म्हणजे दसऱ्याच्या आत सांगायला हवं. एकदा सांगितलं की तो हंगाम संपेपर्यंत बदलू नका. भाऊ म्हणतो, कमी भाव कळला तर मी एकरभर कमी लावीन, पण कळू तर दे.

दुसरं, तिकडच्या खासदाराने पुन्हा कांद्यावर विचारलं तर चार मंत्रालयांच्या वतीने एकाने उत्तर द्यावं आणि त्यात निर्णयाने शेतकऱ्याचं क्विंटलमागे किती गेलं आणि ग्राहकाचं किलोमागे किती वाचलं हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी असावेत. माझी वही मी वर उघडून दाखवलीच आहे.

उत्तर मला टपालाने नको. सभागृहातच द्या. अकराला प्रश्नोत्तरं सुरू होतात तेव्हा माझे डबे भरणं चालू असतं, पण फोन मी डब्यांच्या फळीवर लावून ठेवीन.

आपली,
एक खानावळवाली
लालबाग, मुंबई