नशेआधीची मारहाणही बातमीत यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खून किंवा जीवघेण्या हल्ल्याच्या बातमीत ‘दारूच्या नशेत’ एवढे लिहिले की कारण सापडल्यासारखे होते आणि त्या रात्रीपूर्वी त्या घरात काय चालले होते, हे वाचकाला कळतच नाही. त्याबद्दल हे पत्र.

दारूचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21), ज्यांचे नवरे वारंवार पिऊन झिंगतात अशा स्त्रियांपैकी सुमारे 70 टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. नवरा दारूला शिवत नाही अशांमध्ये हे प्रमाण सुमारे 23 टक्के होते. दारूने मनाचा आवर सुटतो, साधे बोलणेही अपमानासारखे लागते, परिणामांचे भान राहत नाही, आणि एरवी थपडेवर थांबणारा हात कुऱ्हाडीकडे जातो. पण ती थप्पड आधीपासून होतीच, आणि न पिणाऱ्यांच्या घरांतला तो 23 टक्क्यांचा आकडाही तेच सांगतो. झिंगलेला माणूसही बहुधा फौजदारावर हात उगारत नाही. घरी येऊन बायकोवर उगारतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे 23 आणि 24 पाहिली, तर स्वतःहून केलेली नशा हा सर्वसाधारणपणे बचाव ठरत नाही. जुन्या दंड संहितेतही हेच होते. तरीही गावात ‘पिऊन होता, जाऊ द्या’ म्हणून प्रकरण मिटवले जाते, आणि मिटवणाऱ्यांत शुद्धीवर असलेली शहाणीसुरती माणसे असतात, याचे मला फार वाईट वाटते.

आमच्या शहादा भागात 1970च्या दशकात श्रमिक संघटनेच्या चळवळीतील आदिवासी स्त्रियांनी गावोगाव दारूची मडकी फोडली, आणि तेवढ्यावर न थांबता बायकांना मारणाऱ्या नवऱ्यांनाही चारचौघांत जाब विचारला. आज दारूबंदीची मागणी होते तेव्हा यातला दुसरा भाग गळून पडतो. गावातले परवानाधारक दुकान स्त्रियांच्या मतदानाने बंद करता येते, आणि ते करावेच. पण दुकान बंद झाले तरी सातपुड्याच्या पायथ्याला हातभट्टी मिळतेच, आणि मारहाण करणारा माणूसही तोच राहतो.

म्हणून आपल्या वार्ताहरांनी अशी बातमी देताना पूर्वी मारहाण झाली होती का, तक्रार कोणी घेतली वा परतवली, व्यसनमुक्तीचे उपचार त्याच्या आवाक्यात होते का, हे विचारून छापावे, आणि बातमीखाली पोलीस मदतीचा 112 हा क्रमांक द्यावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)