बिजागरी तुटली असताना लिनक्सचे कारण देऊन वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

दिनांक : ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या कंपनीचा साडेअकरा इंची, सव्वा किलोचा लॅपटॉप मी १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, साताऱ्यातून घेतला. वॉरंटी एक वर्षाची आहे, म्हणजे ती अजून संपलेली नाही. मी वाईला राहते, मुद्रितशोधनाचे काम करते आणि आठवड्यातून तीन दिवस एसटीने साताऱ्याला जा-ये करते. हलके मशीन घेतले ते त्यासाठीच.

जुलैपासून झाकण उघडताना डावी बिजागरी जड जायला लागली. ऑगस्टमध्ये तिथले प्लॅस्टिक उकलले. फटीतून पाहिले तर धातूची बिजागरी शाबूत दिसते, पण तिचे स्क्रू ज्या प्लॅस्टिकमध्ये आवळले आहेत ते प्लॅस्टिकच मुळापासून सुटले आहे. आता झाकण उघडले की पडद्याची चौकट एका बाजूने वर येते. लॅपटॉप एकदाही पडलेला नाही. अंगावर कुठे पोचा नाही, हे तुमच्या माणसांनीही पाहिले आहे.

१९ ऑगस्टला तो मी पुण्यातल्या तुमच्या सेवा केंद्रात नेला. काउंटरवरच्या मुलाने आधी बिजागरी पाहिली आणि "होऊन जाईल" म्हणाला. मग मशीन सुरू केले, विंडोजऐवजी मी टाकलेली लिनक्स ही संगणक प्रणाली (ओएस) दिसली, आणि त्याचे बोलणे बदलले. "मॅडम, ओएस बदललीय, वॉरंटी गेली." तरी तपासणीसाठी म्हणून मशीन ठेवून घेतले. २२ तारखेला परत मिळाले तेव्हा बिजागरी होती तशीच. लिनक्स मात्र पुसलेली आणि विंडोज टाकलेली. त्याचे ८५० रुपये घेतल्याशिवाय मशीन हातात दिले नाही. मी विंडोज मागितली नव्हती, आणि टाकण्यापूर्वी मला कुणी एक फोनही केला नाही.

मी लिनक्स का टाकली, हे सांगण्याची खरे तर गरज नाही. मशीन माझे आहे. तरी सांगते, कारण केंद्रात माझ्याशी असे बोलले गेले की मी काही मोडतोड केली आहे. या मॉडेलमध्ये ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण आहे. विंडोज ११ ला किमान लागते ती बरोबर एवढीच. साठवण बोर्डावरच पक्की बसवलेली, त्यामुळे वाढवायची सोय नाही. फेब्रुवारीपर्यंत अशी वेळ आली की अपडेटला जागा पुरेना, आणि दोनशे पानांची फाइल उघडली की कर्सर अक्षरांच्या मागून चालायचा. लिनक्सच्याच मिंट या प्रकाराला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते. मी मिंट २२.१ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेतली. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून वायफाय, टचपॅड, आवाज, पडद्याचा उजेड सगळे तपासले आणि मगच टाकली. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय, बंद करावे लागले नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, बूटचा क्रम (आधी पेन ड्राइव्ह की डिस्क) सोडून कशाला हात लावला नाही. मशीनचा एक स्क्रूही मी काढलेला नाही.

त्यानंतर सहा महिने या लॅपटॉपने मला उत्तम साथ दिली. मराठी टंकनाचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड पाच मिनिटांत सुरू झाला. माझ्या कामात 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक डोळ्यांना दिसावा लागतो, तो इथे स्वच्छ दिसायचा. तुमचे हार्डवेअर लिनक्सवर इतके छान चालते, हे मी चार ओळखीच्यांना सांगितलेसुद्धा होते.

आता नुकसानीबद्दल. कामाच्या फाइली मी पेन ड्राइव्हवर ठेवते, त्या वाचल्या. गेली ती लिब्रेऑफिस या लेखनाच्या सॉफ्टवेअरमधली माझी शब्दसूची. गावांची नावे, शेतीची अवजारे, आडनावे, जुन्या वजनमापांचे शब्द. सॉफ्टवेअरमधला शुद्धलेखन तपासनीस ज्यांच्याखाली लाल रेघ ओढतो पण जे बरोबर आहेत, असे दोन हजारांवर शब्द मी एकेक करून त्यात घातले होते. केंद्राने दिलेल्या जॉबशीटवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) 'डेटाची जबाबदारी ग्राहकाची' असे छापले आहे, हे मला माहीत आहे. दुरुस्ती करताना काही गेले असते तर मी गप्प बसले असते. पण बिजागरीसाठी डिस्क पुसावी लागत नाही, आणि तुम्ही तर दुरुस्तीही केली नाहीत.

तुमचे वॉरंटी कार्ड मी ओळ न ओळ वाचले आहे, तो माझा पेशाच आहे. ग्राहकाने टाकलेल्या सॉफ्टवेअरमुळे होणाऱ्या बिघाडाची हमी नाही, एवढेच त्यात आहे. सॉफ्टवेअर बदलल्याने हार्डवेअरची हमी जाते असे एकही वाक्य त्यात नाही. कोणत्या प्रणालीने बिजागरीचे प्लॅस्टिक सुटते, ते मला लेखी सांगावे.

माझे म्हणणे असे : बिजागरी आणि तिच्याखालचा प्लॅस्टिकचा भाग वॉरंटीत, विनाशुल्क बदलून द्यावा. ८५० रुपये परत करावेत. जॉबशीटवरचा 'ओरिजिनल ओएस नाही, वॉरंटी लागू नाही' हा शेरा लेखी मागे घ्यावा, नाहीतर पुढच्या वेळी तोच माझ्यापुढे धरला जाईल. आणि ग्राहकाला विचारल्याशिवाय डिस्कला हात लावायचा नाही, अशी सूचना सर्व सेवा केंद्रांना द्यावी. ही शेवटची मागणी माझ्या शब्दसूचीला आता उपयोगाची नाही, दुसऱ्या कुणाच्या कामाला येईल.

आणखी एक. तुमच्या संकेतस्थळावर बायोसचे अपडेट फक्त विंडोजवर चालणाऱ्या फाइलीतच मिळते. काही कंपन्या तेच लिनक्सवर एफडब्ल्यूयूपीडी या अपडेटच्या साधनामार्फत देतात. तुम्हीही ते द्यावे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. वॉरंटीच्या काळात १९ ऑगस्टलाच मशीन दाखवले होते याची नोंद जॉबशीटवर आहे, त्यामुळे १२ ऑक्टोबर उलटण्याची वाट पाहू नये.

लॅपटॉप सध्या माझ्याकडे आहे. मिंट पुन्हा टाकली आहे. झाकण मिटले की तडा वाढतो, म्हणून तो उघडाच टेबलावर असतो आणि मी साताऱ्याला कागदी प्रुफे घेऊन जाते. तुम्ही सांगाल त्या दिवशी मशीन घेऊन येईन.

आपली,
एक ग्राहक, वाई, जि. सातारा

सोबत : खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड, १९ ऑगस्टची जॉबशीट, ८५० रुपयांची पावती यांच्या प्रती आणि बिजागरीची चार छायाचित्रे