चवथीच्या आधी हे ठरवूया, सगळ्यांनी वाचा

नमस्कार मंडळी, चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली आणि वाचनालयासाठीच्या देणग्यांचं प्लॅनिंग अजून कागदावर पण नाही, म्हणून येत्या रविवारी संध्याकाळी ४ ला वाचनालयात मीटिंग ठेवलीय, सगळ्यांनी याच. माझं मत स्पष्ट आहे, चवथीच्या आठवड्यात कुणाकडे पैसे मागायला जायचं नाही, घरोघरी माटोळीचा (गणपतीच्या वर टांगतात ती रानफळांची सजावट) खर्च चाललेला असतो, कांगलां, घागऱ्यो, सुपारीचे घोस, म्हापशाच्या बाजारात उभं राहायला जागा नसते. त्यापेक्षा मुंबई-पुण्याहून जी माणसं गावी येतात त्यांना वाचनालयात आणायचं, मुलं वाचत बसतात तो कोपरा दाखवायचा, वर गळणारी कौलं पण दाखवायची आणि फोन नंबर घ्यायचा, मागणं दिवाळीनंतर.

म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत स्टॉल टाकायचा तर जागेची चौकशी आत्ताच कोणीतरी करा प्लीज.

फेब्रुवारी-मार्चमध्ये टॅक्सवाले देणगीदार येतात, त्यांना आधीच सांगा की २००० रुपयांच्या वर रोख दिली तर ८०जीची (देणगीवरची आयकरातली) सूट मिळत नाही, चेक किंवा यूपीआय करा, आणि पॅन नंबर पावती करतानाच घ्या, नंतर फोन करून मागितला की लोक वैतागतात. पावती पुस्तकं ज्यांच्याकडे आहेत त्यांनी रविवारी घेऊन या.